चौऱ्याण्णवच्या खाली

अंबरनाथ, १२ जून २०२१

प्रिय पायल,

सप्रेम जय भीम. तू फोन उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून कागद घेतला. राजेंद्रमामा आज आमच्याकडे आलेत, उद्या शिरगावला परततील तेव्हा त्यांच्या हातीच पाठवते. सोमवारी तू त्या कबुलीजबाबावर सही करणार आणि नर्सिंग कायमचं सोडणार, असं मामाच सांगत होते. सांगताना त्यांचा चहा तसाच गार झाला. बापाचं ऐकत नाहीस, निदान हे पत्र फाडण्याआधी शेवटपर्यंत वाच. आतेबहिणीचा हुकूम समज.

पॉडकास्टचं खूळ तुझंच होतं, आठवतं? मार्चअखेरीपासून कोविड सेंटरमधल्या खाटा भराभर भरत गेल्या, रोज नवे नियम यायला लागले, आणि वीस-वीस पानांच्या इंग्रजी पीडीएफ वाचायला ना तुम्हा नर्सना वेळ होता ना घरोघर फिरणाऱ्या आशाताईंना. तू म्हणालीस, ताई, तू बोल ना, हम लोग चलते चलते सुन लेंगे. मग मी दुपारच्या सुट्टीत गाडीच्या काचा वर करून मोबाइलवर बोलायचे. एसीची घरघर रेकॉर्ड होते म्हणून तोही बंद. एप्रिलच्या उन्हात भाजलेलं वांगं व्हायचं माझं! आमचा फार्मासिस्ट मिलिंद ते कापून-जोडून ग्रुपवर टाकायचा. मोरिवलीच्या आशाताई त्याला 'डॉक्टरबाईंची कॅसेट' म्हणायच्या. पेशंटला पालथं कसं झोपवायचं, ऑक्सिमीटर लावण्याआधी नेलपॉलिश का पुसायचं, कुणाला घरी ठेवायचं नि कुणाला नाही. लोक मन लावून ऐकायचे गं. मी आपली हरभऱ्याच्या झाडावर.

आकडे मात्र मी हट्टाने मराठीतूनच सांगायचे. उल्हासनगरच्या इंग्लिश मीडियममध्ये, सिंधी मैत्रिणींच्या घोळक्यात वाढलेली तू. तुला एकोणऐंशी म्हणजे एटी-नाइन वाटायचं. एकदा वॉर्डात तू तसं लिहूनही ठेवलंस आणि मी सगळ्यांसमोर तुझी टर उडवली. तेव्हापासून सेंटरभर झालं, पायलला मराठी आकडे कळत नाहीत. नाइन्टी-फोर म्हण ना ताई, असं तू किती वेळा विनवलंस. आशाताईंना इंग्रजी कळणार नाही, हे माझं ठरलेलं उत्तर. अगं, त्यांना दोन्ही कळत होतं. हट्ट माझा होता.

धोंडिबाकाकांचं सगळं मला पाठ झालंय. एमआयडीसीत शिफ्ट करणारा धडधाकट माणूस. त्या मंगळवारी तू त्यांच्या घरी गेलीस तेव्हा ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी. तू त्यांच्या बायकोला, द्रौपदीबाईंना सांगितलंस, चौऱ्याऐंशीच्या खाली गेला की न्यायचं, तोवर पालथं झोपवा. खाटाच उरल्या नाहीत म्हणून चौऱ्याण्णवची मर्यादा खाली आणली असेल, असं तुला वाटलं. नवीनच पास झालेली पोर तू, आणि नियम तर रोज बदलत होते. त्या माउलीने तू सांगितलं तस्संच केलं. बुधवारी सकाळी आकडा सत्तरवर आला आणि काका रिक्षातच गेले. चौकशीत विचारलं, चौऱ्याऐंशी कुठून आणलंस? ताईच्या पॉडकास्टमधून, तू म्हणालीस. तुझ्याकडे फाइल नव्हती, मोबाइल भरतो म्हणून ऐकून झालं की तू पुसायचीस. त्यांनी ग्रुपवरची लावली. स्वच्छ ऐकू आलं, चौऱ्याण्णव. कुणीतरी हसलंसुद्धा. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल. मी तिथेच बसले होते, पायल. तोंडातून शब्द काढला नाही. मिलिंद खाली मान घालून उभा होता, तो का ते तुला तेव्हा कळणं शक्य नव्हतं.

आता ऐक. तो एपिसोड सोमवारचा. न जेवता गाडीत बसून मी तो एका दमात बोलले आणि परत ऐकलाही नाही. संध्याकाळी मिलिंद आला, मॅडम, तिसऱ्या मिनिटाला तुम्ही चौऱ्याऐंशी म्हणालात. फाइल तोवर तीन तास ग्रुपवर होती. मी परत बोलले, त्याने ती बदलली. आकडा चुकला, आधीची फाइल पुसा, एवढं लिहायला हवं होतं. मी काय लिहिलं? 'आवाज नीट नव्हता म्हणून नवी फाइल.' मग जुनी ऐकलेल्यांनी नवी कशाला ऐकावी? लाज वाटली गं, एवढ्या लोकांची डॉक्टरबाई आणि तिला आकडा चुकला म्हणायची लाज. त्या लाजेपायी एक माणूस गेला आणि तुला मी महिनाभर जळू दिलं. मूळ रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलमध्ये आहे, रोज ऐकते. आज सकाळी ते आणि माझा लेखी जबाब चौकशी समितीला देऊन आले, मिलिंदनेही सही केली. माझं काय व्हायचं ते होवो. द्रौपदीबाईंकडे उद्या स्वतः जाणार आहे, त्या दारात उभं करतील की नाही, माहीत नाही. तुझी माफी मागायची छाती होत नाही. फक्त हे सांगायला बसले, की पोरी, तू बरोबर ऐकलं होतंस.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
संध्याताई