दोनदा म्हणजे दोनदा

लिलाँग्वे,
९ जून २००२

ती. फालेसीताईस,
धाकट्या लॅक्सनचा सा. न. वि. वि.

मुलांजेच्या डोंगरावरून चिपेरोनीची गार झड सुरू झाली असेल. लोकरीचे मोजे घाल. घालणार नाहीस हे ठाऊक आहे, तरी लिहितो.

इथे राजधानीत, संसदेत सध्या एकच विषय आहे. राज्यघटनेने अध्यक्षांना दोनच मुदती दिल्यात. ती अट काढून टाकणारं विधेयक पुढच्या महिन्यात येतंय. मग त्यांना हव्या तितक्या वेळा उभं राहता येईल. ताई, मी बाजूने मत देणार आहे. तोंड वाकडं करू नकोस. आपला डांबरी रस्ता अर्ध्यावर आलाय. नवा माणूस आला तर तो पुरा करेलच याचा भरवसा काय? शिवाय पक्षाचे सचिव म्हणाले की लोकांनाच तो माणूस पुन्हा हवा असेल तर लोकांचे हात का बांधायचे. मी मान डोलावली.

तुझ्याकडे एक काम आहे. विधेयकाच्या प्रचाराला एक मंत्री आपल्या मैदानावर येताहेत. चर्चच्या महिला संघाच्या अध्यक्षा तुम्हीच, बाईसाहेब. बायकांना घेऊन स्वागताचा नाच तेवढा कर. माझी मान ताठ राहील.

भोपळ्याच्या पानांची भाजी इथे तुझ्यासारखी कुणाला जमत नाही. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा,
लॅक्सन


मुलांजे,
२४ जून २००२

चि. लॅक्सन यास अ. उ. आ.

मोजे घातलेत. आता नीट बसून वाच.

मंत्री आले. आम्ही सगळ्या संघाचे पांढरे झंपर घालून मैदानावर गेलो आणि मांडी घालून बसलो. ढोलवाल्यांनी दोनदा सुरुवात केली. कुणी उठलं नाही. शेवटी मंत्री स्वतः मंचावरून उतरले आणि मला विचारायला लागले की आजी, पाय दुखताहेत का. मी म्हटलं, पाय ठणठणीत आहेत साहेब, पण आम्ही दोनच वेळा नाचतो, पाहुणा येतो तेव्हा आणि पाहुणा वेळेवर निघतो तेव्हा. तुमचे साहेब येऊन बरीच वर्षं झाली. ते निघाले की सांगा, इथली धूळ लिलाँग्वेपर्यंत उडवू. सगळं मैदान हसलं. मंत्रीही हसले, पण नुसते दातांनी. तेव्हापासून गावप्रमुख माझ्याशी बोलत नाहीत. त्यांची बायको मात्र रोज काही ना काही मागायला येते आणि तासभर बसते.

तुझ्या सचिवांना सांग, हात लोकांचे बांधलेले नाहीत, खुर्चीतल्याचे बांधलेत. लोकांपुढे निवडायला अख्खा देश आहे. पण रेडिओ खुर्चीतल्याचा, पोलीस त्याचे, रस्त्याची यंत्रं त्याची. त्याच्याविरुद्ध जिंकणार कोण?

आणखी एक. तू रांगत होतास तेव्हाची गोष्ट. जुने अध्यक्ष आजन्म अध्यक्ष झाल्याचं रेडिओवर सांगितलं. बाबा बाजारात कुणाच्या तरी सायकलची साखळी बसवत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, आजन्म म्हणजे कुणाचा जन्म, त्यांचा का आपला? लोक पोट धरून हसले. संध्याकाळी पोलिसांनी बाबांना नेलं. परत आले तेव्हा तू शाळेत जायला लागला होतास. अंगावर खूण नव्हती, पण त्यानंतर ते कधी विनोद करून बोलले नाहीत. तुझ्या आठवणीतले बाबा अबोल आहेत. माझे बाबा सगळ्या बाजाराला हसवायचे. ते तुला मिळालेच नाहीत.

मत तुझं आहे. असं दे, तसं दे, हे मी लिहिणार नाही. माझ्या मुलांचा मामा तू, आणि आपल्या रीतीने घराचा शब्द मामाकडे असतो, एवढंच लिहिते.

जेवणं वेळेवर कर. रागात लिहिलंय, पण माया होती तेवढीच आहे.

तुझी ताई,
फालेसी


लिलाँग्वे,
६ जुलै २००२

ती. ताईस सा. न. वि. वि.

रेडिओवर ऐकलं असशीलच. विधेयक पडलं, अगदी थोडक्या मतांनी.

एकेकाचं नाव पुकारत होते. सचिव बरोबर माझ्या मागच्या बाकावर बसले होते. त्यांचा श्वास मानेवर लागत होता. माझं नाव आलं. उभा राहिलो आणि विरोधात म्हणालो, पण ते मलाच जेमतेम ऐकू आलं. सभापतींनी पुन्हा सांगा म्हटलं. दुसऱ्यांदा असा ओरडलो की माझा मीच दचकलो. मागून कुणीतरी माझा कोट ओढला. मी तसाच उभा राहिलो.

निकाल वाचला. मग बाहेरच्या व्हरांड्यात कुणीतरी स्तोत्र म्हणायला लागलं आणि एकेक आवाज त्यात मिसळत गेला. विरोधी पक्षाचे एक म्हातारे सभासद मला मिठी मारून रडले. त्यांचं नावही मला धड ठाऊक नव्हतं.

पायऱ्यांवर तुझे ते मंत्री भेटले. म्हणाले, तुमचा रस्ता आता विसरा. मी म्हटलं, साहेब, आमच्याकडे पाय ठणठणीत आहेत. ताई, बाबांचं वाक्य वाचून मी फार रडलो होतो. पण त्या पायरीवर हसू आलं.

लढाई संपलेली नाही. अमर्याद नको तर नको, फक्त तिसरी मुदत द्या, असं नवं विधेयक आणायचं चाललंय. पुढचं तिकीट मला मिळणार नाही. तुझ्या घरात एक खाट माझ्यासाठी रिकामी असू दे.

तुझा,
लॅक्सन


मुलांजे,
२ फेब्रुवारी २००३

चि. लॅक्सन यास अ. उ. आ.

तिसऱ्या मुदतीचं विधेयकही सरकारने गेल्या महिन्यात मागे घेतलं आणि मी आत्ता लिहितेय, माफ कर. आवाज बसला होता आणि हातही दुखत होता. दोन्ही टाळ्या आणि ललकाऱ्यांनी. बातमी आली तेव्हा मी बाजारात सुकी मासळी निवडत होते. मासळीवालीने रेडिओ कानाला लावला, मग सरळ टोपलीवर ठेवला. अख्खा बाजार उभा राहिला. सायकलवाले घंट्या वाजवत फिरत होते. चर्चमधून विधेयकाविरुद्धच्या मोर्चात गेलेल्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. गावप्रमुखांनी मला हात जोडले आणि म्हणाले की आपण मनातून पहिल्यापासून विरोधातच होतो. मी म्हटलं, मनात फार अंधार असणार, कुणाला दिसलं नाही.

आता माझी बातमी. गेल्या रविवारी महिला संघाची बैठक झाली. धाकट्या डोरिकाने उभं राहून अगदी नम्रपणे ठराव मांडला की अध्यक्षा दोन मुदतींपेक्षा जास्त नको. मी किती वर्षं आहे हे तिने सांगितलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. तोंड उघडलं आणि संघाच्या सभागृहाचं छप्पर अजून व्हायचंय, असं म्हणायला लागले. अर्ध्यावरच कळलं मी काय बोलतेय ते. पोरी ओठ दाबून हसत होत्या. मग मीच मोठ्याने हसले आणि सगळ्यांत आधी हात वर केला.

नवी अध्यक्षा डोरिका. मी मागच्या बाकावर बसते. तिथून तिच्या चुका फार स्वच्छ दिसतात.

तुझी खाट घातली आहे. कधीही ये, लोभ घेऊनच ये.

तुझी ताई,
फालेसी