कै. ड्यूक, मुक्काम खासबाग

२४ फेब्रुवारी १९४७, सोमवार
मेजरसाहेबांच्या बंगल्यावर दिवसभर बांधाबांध. साहेब कायमचे विलायतेला निघाले. कँपातल्या कचेरीत माझी बावीस वर्षे झाली, त्यातली शेवटची सात यांच्या हाताखाली. दुपारी स्वतःहून म्हणाले, "हेडक्लार्क, तुमच्या मुलाचं माझ्या लक्षात आहे. जाताना पाकीट देतो."
सौ.ला सांगितले. तिने रात्री वांग्याची भाजी मनापासून केली.
वसूचे घोंगडे भिजत पडलेय पाच वर्षे. बेचाळीस साली तारा तोडल्या, आठ महिने हिंडलग्याच्या तुरुंगात. तेव्हापासून नावापुढे शेरा. कॉलेज घेत नाही, नोकरी कुणी देत नाही. चोवीस वर्षांचा मुलगा शेजारच्या मल्लाप्पाच्या हातमागावर कांड्या भरत बसतो. माझ्याशी बोलणे कामापुरते. एका साहेबाचे चार ओळींचे पत्र मिळाले तर शेरा निघेल, असे प्राचार्य म्हणाले होते.

२७ फेब्रुवारी
स्टेशनवर गेलो. साहेबांनी हात मिळवला. सात वर्षांत पहिल्यांदा. पाकीट दिले, चांगले जाडजूड. मग कुत्र्याचा पट्टा माझ्या हातात दिला. "ड्यूक तुमच्याकडे ठेवतो. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."
मी "येस सर" म्हटले. विचार मागाहून आला.
गाडी हलली तसे हे धूड ओरडू लागले. वासराएवढे अंग, तपकिरी, लोंबते कान. ओढत घरी आणले. खासबागेच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी माणसे उभी राहून बघत होती.
पाकीट उघडले नाही. उद्या सकाळी, सगळ्यांसमोर.

२८ फेब्रुवारी
पाकीट देवापुढे ठेवले. सौ.ने हळदकुंकू वाहिले. वसूला म्हटले, "तूच वाच."
टाइप केलेली चार पाने. तो मोठ्याने वाचत गेला, आईसाठी मराठी करून सांगत गेला.
सकाळी सातला फेरफटका. मांस उकडलेले, बिनमिठाचे. कान आठवड्यातून दोनदा पुसावेत. चारला चहा, बशीत, फार गरम नको. वीज कडाडली तर जवळ बसून हळू आवाजात बोलावे.
चौथ्या पानाच्या तळाशी एक ओळ. तुम्ही विश्वासू माणूस आहात म्हणून ही जोखीम तुमच्यावर टाकतो.
वसूने पाने घडी करून माझ्या हातात दिली. "अण्णा, यात माझं नाव नाही. तुमचंही नाही."
सौ.ने पाकिटावरचे कुंकू पदराने पुसून काढले.

३ मार्च, सोमवार
चार दिवस कुत्रा काही खात नाही. मांसाचे नाव काढताच सौ.ने कानांवर हात ठेवले. दूधभात हुंगतो आणि तोंड फिरवतो. शेवटी मल्लाप्पाच्या बायकोने जोंधळ्याची भाकरी नि लसणाची चटणी टाकली. खाल्ली. मग ओळीने अकरा वेळा शिंकला. गल्ली हसली.
मल्लाप्पा म्हणाला, "अण्णा, लई शिस्तीचं हाय बघा. शिंकतानाबी तोंड भिंतीकडं करतंय."
सौ. नाव घेत नाही. तिला 'ड्यूक'मध्ये डुक्कर ऐकू येते. ती त्याला 'साहेब' म्हणते. "साहेबांनी अंगणात घाण केलीय, बघा." हे मला उद्देशून आहे हे मला कळते.

१९ मार्च
त्याला इंग्रजीशिवाय काही समजत नाही. "बस" म्हटले तर आपल्याकडे बघत राहतो, जसे चुकीच्या पत्त्यावरचे टपाल आले आहे. "सिट" म्हटले की बसतो. त्यामुळे रोज सकाळी दारात उभे राहून मी इंग्रजीत हुकूम सोडतो आणि पोरेबाळे ऐकायला जमतात. काल माझा आवाज मलाच ऐकू आला. हुबेहूब साहेबांचा. तोच शेवटाला दिलेला झटका. कुठून आला?
आज खडेबाजारातून नेला. चौकातल्या हवालदाराने टाचा जुळवून सलाम केला. मी मान लववली. तर तो म्हणतो, "तुम्हाला न्हाय ओ. मेजरसाहेबांचा कुत्रा न्हवं का ह्यो?"

६ एप्रिल, रविवार
सकाळी पट्टा तोडून पळाला. मला माहीत होते कुठे. तीन मैल चालत कँपात गेलो. बंगला रिकामा, दारांना कुलपे. व्हरांड्यात एक वेताची खुर्ची राहिली होती, त्यात हा बसलेला.
हाक मारायला गेलो आणि थांबलो. मी खालच्या पायरीवर उभा होतो. सात वर्षे रोज कागद घेऊन इथेच उभा राहिलो, ऊन असो, पाऊस असो. तेव्हाही हा त्या खुर्चीत असायचा. साहेब सही करीत आणि हा माझ्याकडे बघत असे.
आज बंगल्यात कुणी नव्हते. वर जाऊन बसता आले असते. नाही जमले. पायरीवरूनच "कम" म्हटले.

२२ मे
वसूची नि ड्यूकची गट्टी झाली आहे. मागाच्या खोलीत कांड्या भरताना हा पायाशी. आज खिडकीतून ऐकले.
"बस. बस म्हणतो न्हवं? हां. आता ऊठ. शाबास रं माझ्या राजा."
ड्यूक बसला. उठला. दहा दिवसांत शिकला म्हणे. मल्लाप्पा कानडीही शिकवतोय, "बा", म्हणजे ये, म्हटले की त्याच्याकडे जातो.
'माझ्या राजा.' वसूचा आवाज असा मऊ लागू शकतो हे मी विसरलो होतो. खिडकीपासून दूर झालो.

४ जुलै
विलायतेहून पत्र! पत्त्यावर माझे नाव. कचेरीतच फोडले.
ड्यूक कसा आहे? खातो का? पावसाळ्यात कान सुजतात, लक्ष ठेवावे. इकडे हवा खराब. त्याची फार आठवण येते.
संपले. वसूबद्दल अक्षर नाही. माझी प्रकृती वगैरे, ते तर सोडाच.
पत्र तीनदा वाचले. मागची बाजूही पाहिली.

५ जुलै
उत्तर लिहिले. कळविण्यास अत्यंत खेद वाटतो की, ड्यूक गेल्या महिन्यात अल्पशा आजाराने मरण पावला. शेवटपर्यंत मी जवळ बसून हळू आवाजात बोलत होतो. घराच्या मागील अंगणात दफन केले.
बावीस वर्षांत कुठल्याही साहेबाला सांगितलेले पहिले खोटे. लिहिताना अक्षर जरा हलले नाही. टपालपेटीत टाकले तेव्हा बरे वाटले. फार बरे वाटले.
घरी आलो तर हा उंबऱ्यावर आडवा. ओलांडून आत गेलो.

२ ऑगस्ट, शनिवार
साहेबांचे उत्तर. हाताने लिहिलेले, दोन ठिकाणी शाई पसरलेली. ही बातमी कळल्यावर ते दिवसभर खोलीबाहेर पडले नाहीत. अंगणात नावाचा एक साधा दगड बसवावा. आणि 'त्याच्या अखेरच्या दिवसांत आपण जे केले त्याची फेड करता येणार नाही, तथापि...'
सोबत दुसरा कागद. वसूचे पूर्ण नाव. उत्तम कुळातला, प्रामाणिक, पूर्वीचे वर्तन पोरवयातले समजावे. खाली सही, हुद्दा, शिक्का.
म्हणजे एवढेच हवे होते. कुत्रा मरायला हवा होता.

३ ऑगस्ट
वसूला कागद दाखवला. सोबतचे पत्रही मागून घेतले त्याने. वाचता वाचता खाली बघितले. ड्यूक त्याच्या पायावर हनुवटी ठेवून पडला होता.
"हा मेला?"
मी ड्यूककडे बघितले.
वसू हसला. मोठ्याने, पोट धरून. पाच वर्षांनी. सौ. स्वयंपाकघरातून धावत आली. मलाही हसू फुटत होते, आता हसणार इतक्यात तो थांबला.
"नको मला अण्णा. कुत्र्याच्या तेराव्याचं दान आहे हे."
कागद फाडला मात्र नाही. देवाच्या कोनाड्यात ठेवून कामाला गेला. सौ. दोन्ही वेळा जेवली नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
मिरवणूक खडेबाजारातून गेली. तुरुंगात गेलेल्या मुलांना फुलांनी सजवलेल्या गाडीत उभे केले होते. वसू डावीकडून तिसरा. गळ्यात हार. बघून डोळे भरले, खोटे कशाला लिहू.
पुढे जायला लागलो तर एकजण म्हणाला, "तुम्ही कँपातले ना? मागं राहा की." आवाजात राग नव्हता. जागा दाखवावी तसे म्हणाला. मागे राहिलो.
घरी आलो तर मल्लाप्पाने ड्यूकच्या गळ्यात तिरंगी फीत बांधलेली. येणारे-जाणारे डोक्यावरून हात फिरवत होते. "आता मराठी कळती त्याला, व्हय की न्हाय रं?" मोठे कौतुक. पाच महिन्यांत त्याचे सगळे फिटले. माझी मराठी जन्मापासूनची, पण ती कुणाच्या कानाला लागत नाही.

२६ ऑगस्ट
प्राचार्यांनी वसूला माणूस पाठवून बोलावले. खुर्ची दिली. अशी मुले आमच्याकडे असणे हा कॉलेजचा मान आहे, म्हणाले. लगेच प्रवेश. जो शेरा काढायला पाच वर्षे मी जोडे झिजवले, तोच आता दाखला झाला. साहेबांचे पत्र विचारले नाही कुणी. विचारले नाही ते बरेच, दाखवले असते तर उलट पंचाईत.
सौ.ने गोडाचे केले. वसू मला वाकून नमस्कार करायला आला, आईने डोळ्यांनी खुणावल्यावर.
प्रवेशाचा कागद टेबलावर होता. नाव, गाव, जात. वडिलांचा व्यवसाय: शेती.
आमच्याकडे गुंठाभर जमीन नाही. शेती सौ.च्या भावाची, उचगावला.
कागद होता तसा ठेवला. शिरा चांगला झाला होता.

५ सप्टेंबर, शुक्रवार
कँपातल्या शाळेच्या मिसबाईंची चिठ्ठी. मेजरसाहेबांनी त्यांना कळवले आहे. ड्यूकच्या थडग्याचा फोटो काढून पाठवावा. रविवारी चर्च आटोपल्यावर अकरा वाजता घरी येते, सोबत फुले आणते.
मिसबाई ड्यूकला पिल्लू असल्यापासून ओळखतात. खिशात बिस्किटे ठेवून यायच्या. हा त्यांचा आवाज एक फर्लांगावरून ओळखतो.
सौ. म्हणाली, "खरं सांगून टाका. गेला तो साहेब सात समुद्रांपलीकडं. आता काय बिघडवणाराय तुमचं?"
काही नाही, हे बरोबर आहे. पत्राचीही गरज उरली नाही. पण मिरवणुकीत मी मागचा, मुलाच्या कागदावर मी शेतकरी. मला विश्वासू म्हणणारा साऱ्या जगात एक माणूस उरलाय, आणि तो चार पानांच्या तळाशी. त्यालाही कळवू की मी...
सौ.ला हे बोललो नाही. "बघतो," म्हटले.

६ सप्टेंबर
कचेरीतून लवकर आलो. मागच्या अंगणात, पेरूखाली, मातीचा ढीग घातला. झिजून गुळगुळीत झालेला मसाला वाटायचा पाटा पडून होता, तो उभा केला. चुन्याने इंग्रजी चार अक्षरे काढली. चांगली आली.
मल्लाप्पा कुंपणावरून बघत होता. "अण्णा, कोण वारलं?"
"ड्यूक."
तो ड्यूककडे बघून म्हणाला, "कवा?" आणि मग काही विचारलेच नाही. भला माणूस.
हात धुऊन परत आलो तर हा ढिगावर चढून, चार पाय पसरून झोपलेला. माती थंड असते. तीनदा हाकलला. तीनदा परत.
संध्याकाळी वसूकडे गेलो. त्याच्याकडे काही मागितल्याला किती वर्षे झाली, आठवत नाही. म्हटले, "उद्या एक दिवस याला उचगावला मामाकडं नेशील का?"
पुस्तकातून मान वर न करता म्हणाला, "बघू."

७ सप्टेंबर, रविवार. सकाळ
दहा वाजले. धुतलेला कोट घातला आहे. सौ. माहेरच्यांना द्यायला पापडाची पुरचुंडी बांधतेय, म्हणजे वसू जाणार असे तिने धरले आहे.
वसू पट्टा हातात घेऊन आला. पेरूखाली जाऊन पाटा बघून आला होता. वाटले, आता हसेल. हसला नाही.
"अक्षर झकास आलंय," म्हणाला. मग पट्टा हाताला गुंडाळत, "मामाकडं नेतो मी याला. माझं काही म्हणणं नाही. पण अण्णा, तुम्हाला न्यायलाच हवाय का? की इथंच राहू दे? राहिला तर मीही थांबतो. मिसबाई आल्या की दोघं मिळून काय ते सांगू."
दोघं, म्हणाला.
मी कोटाची बटणे लावत राहिलो. तो दाराला टेकून उभा आहे. ड्यूक आमच्या मध्ये बसलाय, एकदा त्याच्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे. आता कुणी मराठीत बोलले काय, इंग्रजीत बोलले काय, त्याला दोन्ही कळते.
वसूला म्हटले, एवढे लिहून होऊ दे, मग सांगतो.