कोमट दूध

२५ फेब्रुवारी २००७
बँकेने बदली केली आणि जयपुरात, तिलक नगरातल्या वरच्या मजल्यावर बिऱ्हाड थाटलं. ट्रकमधून सोफ्याच्या आधी माझी यंत्रं उतरवून घेतली : मायक्रोवेव्ह, धुऊन पिळून देणारं मशीन, टाकी भरली की बोलणारा गजर, कानात धरताच ताप सांगणारा थर्मामीटर. दुकान टाकताय का, असं घरमालकीण जयंतीजींनी जिन्यातूनच विचारलं. मी हसलो.

विनयाला जाऊन दीड वर्ष झालं. सहा वर्षांच्या कौमुदीचं आईवाचून काही अडू नये म्हणून एकेक यंत्र घेत गेलो. हौसही आहेच, खोटं कशाला लिहू? चाळीस सेकंदांत तिचं दूध कोमट होतं. विनया बोट बुडवून बघायची. आमचं यंत्र चुकत नाही.

११ मार्च
उद्या बासोडा, शीतलामातेचा दिवस. घरात चूल पेटवायची नाही, आज रांधलेलं उद्या गार खायचं. आपल्याकडे हे श्रावणात असतं, इथे होळीनंतर. जयंतीजींनी गोड तळलेले पुए आणि ताकातली राबडी दिली आणि घरात लहान मूल आहे, सांभाळा, असं दोनदा बजावलं.

१२ मार्च
कौमुदी गार दुधाला तोंड लावेना, रडायला लागली. मी मायक्रोवेव्ह लावला. विस्तव नाही, धूर नाही, देवीची कसली हरकत? स्वतःच्या हुशारीवर खूश होतो. तेवढ्यात जयंतीजी वर आल्या. वाफाळता कप बघून रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "भाईसाहब, आज के दिन तो माता को ठंडा रहने देते."

१५ मार्च
कौमुदीचं दूध गारच निघतंय. दोन मिनिटं लावा, पाच लावा. मेकॅनिकने त्याच यंत्रात पाणी उकळून दाखवलं. तिचा कप ठेवला की मात्र बाहेरून दव धरतं. बोट बुडवलं तर बधिर झालं.

१८ मार्च
आता तिचं अंगही गार लागतं. थर्मामीटर ९५ दाखवतो. बिघडला म्हणून माझ्या कानात धरला, तर ९८.४. ती हसते, खेळते, काही दुखत नाही म्हणते. मला फार भीती वाटते आहे.

२३ मार्च
९१. चार दिवस इस्पितळात दिव्याखाली ठेवलं, गरम पाण्याच्या पिशव्या लावल्या. पिशव्याच गार पडल्या. डॉक्टर माझी नजर चुकवतात. घरी न्या म्हणाले.

२५ मार्च
८८. जयपूरजवळच्या चाकसूला, शीतलामातेच्या डोंगरीवर जाऊन आलो. गार पुए ठेवले. बटण नसलेल्या कशापुढे आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले. म्हटलं, चूक माझी. माझ्या अंगातली ऊब घे, पण पोरीला दे.

२६ मार्च
दुपारभर तिला पोटाशी धरून पडलो होतो. ती ९२. मी ९५.

२७ मार्च
ती ९६. मी ८९ — बाबा, तू गार लागतोस म्हणाली. सुटायला बघत होती. सोडलं नाही. रडू आलं, आनंदाचं.

२८ मार्च
ती ९८.४.
माझ्या कानात नुसत्या रेघा. आकडा नाही.
भूक लागली म्हणून धावत खाली गेली, जयंतीजींकडे — जिन्यावर पावलं वाजली.
त्यांना सांगायचं राहिलं. दूध कोमट लागतं तिला. यंत्रात नको. आधी बोट बुडवून —