आवाज न करणारा कीबोर्ड

८ जुलै, सोमवार
उजव्या हाताची तीन बोटं उठल्यापासून बधिर. चहाचा कप हातातून सुटला. डॉ. म्हणाले, "मनगटात नस दाबली गेलीय. टायपिंग बंद करा. जमत नसेल तर निदान कीबोर्ड हलका घ्या." बंद करा म्हणे! मग रहीमचाचांनी काय करायचं? निजामाच्या वेळची उर्दू कागदपत्रं वाचणारं दुसरं कुणी मला तरी माहीत नाय. ते उर्दू बघून मराठीत सांगतात, मी टाइप करते, चाचा सही करतात, मग ते कोर्टात जातं. एकवीस वर्षं. त्यांना टाइप येत नाय, मला उर्दू येत नाय.

१० जुलै
पैठण गेटला गेले. दुकानदारानं चार कीबोर्ड काढून दाखवले. एक मधून चिरलेला, दोन हातांना दोन तुकडे. मधली एक कळ मी भलत्याच हातानं मारते, हे इतक्या वर्षांनी आज कळलं! दुसरा खटखट वाजणारा, दाबायला झकास, पण उंच. मनगट लगेच बोंबललं.
"मॅडम, किती जोरात मारता! तुटंल ना."
म्हटलं, बाबा, टाइपरायटरवर शिकलेला हात आहे, चार कार्बनखाली अक्षर उमटायला लागायचं. त्याला कार्बन माहीत नाय.
शेवटी बुटका, मऊ घेतला. आवाजच नाय. पण उभ्यानं पंधरा मिनिटं टाइप केलं, दुखलं नाय. दुकानातच रडायला आलं. मूर्खपणा.

१२ जु.
चाचा रिक्षानं गारखेड्याला माझ्या घरी आले, कागदांची पिशवी छातीशी. भिंग कागदाला, नाक भिंगाला. एक ओळ सांगितली नि गप्प. मीही गप्प.
"लिखी नहीं तू?"
लिहिली होती की! मग उलगडा झाला. हा माणूस माझ्या खडखडीवर वाचत होता. खडखड थांबली की पुढची ओळ. दोघांनाही पत्ता नव्हता.
तोड काढली : ओळ झाली की मी "हं" म्हणायचं. दिवसभर हं, हं. चाचा लई हसले. काम मात्र निम्म्यावर.

१५ जु.
आता डावाही. डॉ. म्हणतात, कीबोर्ड घ्यायला उशीर केलात, ऑपरेशनचं बघा. हात पहिल्यासारखा होईल का, विचारलं. "बघू." बघू म्हणजे काय ते कळतं मला.
चाचांना सांगायचं ठरवलं होतं. त्याआधी तेच म्हणाले, "घर में सब बोलते, अब्बा, अब बस करो. मैं बोला, शोभा लिखती तब तक मैं पढूंगा."
मग कसलं सांगते.

१९ जु.
सोयगावकडच्या जमिनीचा कागद. अक्षर भयानक, पण चाचा आज रंगात. तिसऱ्या ओळीला माझी बोटं गेली. कुठली कळ दाबली जातेय, समजेना. स्क्रीनवर नुसता कचरा. थांबा म्हणायला तोंड उघडलं आणि "हं" निघालं.
ते पुढं वाचू लागले. मी हात मांडीवर ठेवले. हं. त्यांचं डोकं भिंगात. हं. अख्खी दोन पानं. मध्ये एका शब्दावर किती वेळ अडले बिचारे, डोळे पुसले, परत लागले. तेव्हाही मी बोलले नाय. लाज वाटते लिहायला.
"आज तो रेल के जैसा चले अपन," म्हणाले. पाणी प्यायले. "प्रिंट काढून ठेव, उद्या अकराला सही करतो." मूळ कागद पिशवीत घालून घेऊन गेले.
इथं स्क्रीनवर अडीच ओळी.
हे सगळं डाव्या हाताच्या एका बोटानं लिहितेय. संध्याकाळी चाचांना दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा त्यांनी उचलला, मी तब्येत विचारली नि ठेवला.