तिसऱ्या क्रॉसच्या एकेचाळीस बाहुल्या परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरसभा कार्यालय, हूविनकट्टे.
(आरोग्य निरीक्षकांच्या मार्फत नव्हे, थेट.)

अर्जदार : श्रीमती जलजाक्षी रंगनाथ, वय ५२, घर क्र. १७, तिसरा क्रॉस, बसवनगुडी रस्ता, हूविनकट्टे.

विषय : सुका कचरा म्हणून उचलल्या गेलेल्या एकेचाळीस बाहुल्या परत देऊन, त्याबद्दल दिलेले उत्कृष्ट वर्गीकरणाचे प्रमाणपत्र परत घेणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. १२ सप्टेंबरचा अर्ज.
२) आपल्या कार्यालयाचे दि. १३ सप्टेंबरचे प्रमाणपत्र, जे अर्जदाराने मागितले नव्हते.
३) आपल्या कार्यालयाचे दि. १६ सप्टेंबरचे उत्तर, जे अर्जदाराने मागितले होते त्याचे नव्हे.

महोदय,

१. अर्जदार वरील पत्त्यावर तीस वर्षे राहते. शिक्षण सातवी. त्यापुढचे जे काही आहे ते वाण्याच्या पुड्या सोडवून वाचलेले आहे. गेली सहा वर्षे दर शनिवारी दुपारी तिसऱ्या क्रॉसवरच्या, म्हणजे या आडव्या गल्लीतल्या, तेरा घरांतली मुले अर्जदाराच्या ओट्यावर जमतात. सध्या पटावर तेवीस आहेत. नियम एकच : घरातून जे बाहेर जायचे ते आधी मुलांच्या हातांखालून जाईल. ओले मागच्या अंगणातल्या फुटक्या माठांत. दुधाच्या पिशव्या धुऊन, उभ्या कापून, त्यांची वेणी. करवंट्या घासून हत्ती-घोडे. वर्तमानपत्रे भिजवून, कुटून, चिंचोक्याच्या खळीत मळून माणसे. सुपारीच्या झाडावरून गळालेल्या विऱ्यांच्या, म्हणजे झापांच्या, छत्र्या. कांद्याच्या सालींचा रंग. एवढे होऊन जे उरते तेच नगरसभेच्या गाडीला मिळते. गाडीवरच्या मादम्मा अर्जदाराला म्हणत असत, "जलजक्का, तुमच्या क्रॉसला आले की माझ्या गाडीला उपास घडतो." ही तक्रार आपल्या दप्तरी नसावी, म्हणून येथे नोंदवली आहे.

२. या सगळ्याचे काय होते, असा प्रश्न आपल्या निरीक्षकांनी विचारला होता. दसऱ्याला होते. आपण या जिल्ह्यात नवीन बदलून आला आहात असे समजते, म्हणून सांगते. नवरात्राच्या पहिल्या दिवशी इथे घरोघर बाहुल्या मांडतात. पायऱ्यांची संख्या विषम. सर्वांत वर पट्टद गोंबे, म्हणजे लाकडी राजा-राणीची जोडी, जी मुलीला लग्नात माहेरून मिळते. एकदा ती जोडी बसली की विजयादशमीच्या रात्रीपर्यंत कोणी हलवत नाही. त्या रात्री आरती करून तिला आडवी निजवतात आणि मगच गुंडाळतात. दरवर्षी निदान एक बाहुली नवी हवी. बघायला येणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातावर कोडबळे नाहीतर उसळ ठेवायची. तिसऱ्या क्रॉसवर तेरा घरांत मिळून एकच मांडणी होते, अर्जदाराच्या ओटीवर, सात पायऱ्यांची. राजा-राणी अर्जदाराची, बाकी एकोणचाळीस मुलांच्या हातची. एकूण एकेचाळीस.

३. आता चूक. ती अर्जदाराची आहे, हे पहिल्या अर्जातही लिहिले होते आणि आताही लिहिते, म्हणजे त्या मुद्द्यावर आपला कागद वाया जाणार नाही. गेल्या वर्षी बाहुल्या गुंडाळताना पहिलीतल्या शांभवीने सुचवले, "अक्का, जड बाहुल्या हलक्यांच्या अंगावर पडतात. करवंटीवाल्या वेगळ्या भरू या, कागदवाल्या वेगळ्या." शहाणपणाचे बोलली, म्हणून तसे केले. चार गाठोडी झाली. जुन्या मऊ साड्यांत बांधलेली, आत कडुनिंबाचा पाला. मुलांनी प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली : करवंटी. कागद. कापड. लाकूड. दि. १० सप्टेंबरला आठवडाभराने ऊन पडले, म्हणून चारही गाठोडी माळ्यावरून काढून ओट्याच्या डाव्या अंगाला ऊन दाखवायला ठेवली. सकाळचे ऊन डावीकडेच येते. त्या दिवशी बुधवार होता. बुधवारी सुका कचरा. आणि सुका कचरा डावीकडे ठेवायचा, हे सगळ्या क्रॉसला घरोघर फिरून शिकवले ते याच तेवीस मुलांनी आणि अर्जदाराने. अर्जदार आत चहा गाळत होती. मादम्मांनी चिठ्ठ्या वाचल्या, मनापासून कौतुक केले आणि गाठोडी गाडीत नीट रचली. शेजारच्या जाहिराबाईंनी ते ऐकलेही : "बघा बाई, कचरा असा द्यावा." मादम्मांचा यात काडीचा दोष नाही. त्यांना नोटीस दिली असल्यास ती प्रथम मागे घ्यावी.

४. दुसऱ्या दिवशी अर्जदार शांभवीला आणि तिसरीतल्या तन्वीरला घेऊन सुका कचरा केंद्रात गेली. बाहुल्या तेथे होत्या. एकही फुटली नव्हती. उलट निरीक्षक श्री. गुरुमूर्ती यांनी त्या पुसून टेबलावर ओळीने उभ्या केल्या होत्या आणि पुढे पुठ्ठ्याची पाटी होती : 'कचऱ्यातून कला. निर्मिती : नगरसभा, हूविनकट्टे.' राजा-राणीपुढे छोटी वेगळी पाटी : 'टाकाऊ लाकूड.' तन्वीरने पाटी मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "सार, हा वाघ मी केलाय. त्याच्या पोटात आमच्या घरचं रेशनकार्डाचं जुनं कव्हर आहे." श्री. गुरुमूर्ती म्हणाले, "असेल बाळा. पण इथे आलं की ते नगरसभेचं." मग अर्जदाराकडे वळून, अगदी सौजन्याने : "अम्मा, तुम्हाला तर अभिमान वाटला पाहिजे. दोन ऑक्टोबरला स्वच्छतेचं प्रदर्शन आहे. वरून साहेब येणार आहेत." अर्जदाराने विचारले, बाहुल्या नवरात्रात घरी नकोत का? ते म्हणाले, "यंदा नव्या करा. तुमच्याकडे काय, कचऱ्याला तोटा आहे का?"

महोदय, तोटा आहे. सहा वर्षे त्यासाठीच खपलो.

५. दि. १२ रोजी अर्ज दिला. दि. १३ रोजी अर्जाचे उत्तर न येता प्रमाणपत्र आले. 'घर क्र. १७ यांनी चार प्रकारांत निर्दोष वर्गीकरण केलेला सुका कचरा सादर केल्याबद्दल.' सोनेरी किनार, वर प्लास्टिकचे आवरण. हे आवरण कोणत्या प्रकारात टाकावे, हे मुले अर्जदाराला विचारत आहेत.

६. दि. १६ रोजी उत्तर आले. त्यातील मुद्द्यांना उत्तर देणे भाग आहे.

(अ) 'जमा झालेला कचरा परत देण्याची तरतूद नाही.' मान्य. परंतु मागणी कचऱ्याची नाही, बाहुल्यांची आहे.

(आ) 'वस्तू कचरा नव्हत्या असे अर्जदाराचे म्हणणे असल्यास, कचरा नसलेली वस्तू कचरागाडीत दिल्याबद्दल अर्जदारावर कारवाई का करू नये, याचा खुलासा करावा.' म्हणजे कचरा असतील तर परत मिळणार नाहीत, आणि नसतील तर अर्जदार गुन्हेगार. अर्जदाराने हे वाक्य चार वेळा वाचले. सासूबाई हयात असताना असे वाक्य रोज ऐकायची सवय होती, त्यामुळे घाबरायला झाले नाही. कारवाई खुशाल करावी. बाहुल्या आधी द्याव्यात.

(इ) 'प्रत्येक वस्तूची मालकी, मूळ घर व घटक पुराव्यानिशी सिद्ध करावेत.' हा मुद्दा मुलांनी स्वतःकडे घेतला. बाहुलीमागे एक असे एकोणचाळीस जबाब सोबत जोडले आहेत. नमुन्यादाखल दोन येथे देते. शांभवी : 'माझ्या हत्तीचा एक कान मोठा आहे आणि एक छोटा. दुसरी करवंटी माकडाने नेली. माकडाची सही मिळाली नाही.' तन्वीर : 'वाघाचे पट्टे काजळाचे आहेत. काजळ अम्मीचे आहे. अम्मीला आता कळले.'

(ई) 'लाकडी नग दोन : खरेदीची पावती जोडावी.' पावती नाही. त्या जोडीची खूण मात्र सांगते. राणीचा डावा हात मनगटापासून तुटलेला आहे आणि पुन्हा जोडलेला आहे. अर्जदार नऊ वर्षांची असताना तिच्या हातून ती पडली. आईने मारले नाही. चिंचोके भाजून, वाटून खळ शिजवली, जुन्या पोथीच्या कोऱ्या पानाचा तुकडा भिजवला आणि म्हणाली, "आता तूच जोड." हात थोडा वाकडा बसला. पुढे लग्नात हीच जोडी दिली, नवी घेता आली असती तरी. निघताना कानात म्हणाली, "मोडलेलं टाकायचं नसतं, एवढं या राणीकडे बघून आठवलं तरी पुरे." अर्जदार शनिवारी मुलांना जे शिकवते ते एवढेच आहे. आपल्या केंद्रात टेबलावर जे 'टाकाऊ लाकूड' उभे आहे, त्याचा डावा हात तपासून पाहावा. याहून मोठा पुरावा अर्जदाराकडे नाही, आणि यापेक्षा लहान पुरावा देण्याची तिची इच्छा नाही.

७. दि. १७ रोजी श्री. गुरुमूर्ती स्वतः घरी आले. कॉफी घेतली. म्हणाले, "अम्मा, मलाही दोन पोरी आहेत, मला कळत नाही असं नाही. पण वरती यादी गेली आहे. एकेचाळीस नग लिहिलेत. आता कमी कसे दाखवू?" माणूस वाईट नाही. यादीपुढे माणसाचे काय चालते. जाताना त्यांनी तडजोड सुचवली की राजा-राणी तेवढी न्यावी आणि मुलांच्या बाहुल्या राहू द्याव्यात. शांभवी दाराआड उभी होती. तिने फक्त विचारले, "अक्का, मग माझा हत्ती कचराच का?"

तडजोड नामंजूर आहे. एकेचाळीस म्हणजे एकेचाळीस.

८. तेरा घरांनी दि. १४ पासून नगरसभेच्या गाडीला सुका कचरा देणे बंद केले आहे. ही धमकी नाही. गाडी आधीही रिकामीच जायची, आता कारणासह रिकामी जाते.

९. सबब, पुढीलप्रमाणे कळविण्यात येत आहे. घटस्थापना सोमवार, दि. २२ सप्टेंबर रोजी आहे. रविवारी सायंकाळपर्यंत बाहुल्या तिसऱ्या क्रॉसवर पोचल्या, तर अर्जदार आपणास व श्री. गुरुमूर्ती यांच्या दोन्ही मुलींना उसळीचे आमंत्रण देऊन हा विषय मिटवील.

न पोचल्यास बाहुल्या पायऱ्यांकडे येणार नाहीत, तर पायऱ्या बाहुल्यांकडे येतील. सोमवारी सकाळी सात वाजता सात फळ्या, कलश, समया, रांगोळीचे डबे, तेवीस मुले आणि त्यांच्या आया सुका कचरा केंद्रात हजर होतील आणि बाहुल्या जिथे आहेत तिथेच रीतसर मांडतील. राजा-राणी एकदा बसली की विजयादशमीच्या रात्रीपर्यंत ती हलवता येत नाही, हे परिच्छेद २ मध्ये लिहिले आहे. हा नियम अर्जदाराने केलेला नाही आणि तो बदलण्याची तरतूद नाही. तोपर्यंत केंद्र रोज सायंकाळी आरतीसाठी उघडे ठेवावे लागेल. गावातली सगळी पोरे बघायला येतील, त्यांच्या हातावर काही ठेवणे आता यजमान या नात्याने आपल्याकडे येते.

विजयादशमी दि. २ ऑक्टोबरलाच आहे, हे प्रदर्शनाची तारीख ठरवताना कोणाच्या लक्षात आले नसावे. वरून येणाऱ्या साहेबांनी बाहुल्या अवश्य पाहाव्यात. हे कुणी केले, असे त्यांनी विचारले तर उत्तर द्यायला तेवीस तोंडे शेजारीच उभी असतील. पुठ्ठ्याची पाटी मुले तत्पूर्वी वापरून टाकतील, त्यांना पुठ्ठा नेहमीच कमी पडतो. त्याच रात्री आरती होऊन राजा-राणीला निजवले जाईल आणि सगळ्यांना गुंडाळून घरी नेले जाईल. निजलेल्यांना कोणी प्रदर्शनात उभे करत नाही.

हा अर्ज परवानगीसाठी नाही. सोमवारी जागा झाडून ठेवावी, इतकीच विनंती आहे. झाडलेला कचरा टाकू नये, मुले पाहून घेतील.

या अर्जापुरती नम्र,

(सही) जलजाक्षी रंगनाथ
सोबत तेवीस सह्या, त्यांपैकी चार अंगठे. अंगठेवाले बालवाडीत आहेत.

हूविनकट्टे, दि. १८ सप्टेंबर २०२५

सोबत जोडले आहे :
१) मुलांचे जबाब, एकोणचाळीस, पाठकोऱ्या कागदांवर.
२) उत्कृष्ट वर्गीकरणाचे प्रमाणपत्र, मूळ प्रत, परत. आवरण काढून ठेवले आहे.
३) आपले दि. १६ चे उत्तर : हाताने उतरवून घेतलेली नक्कल. मूळ पत्र जोडता येत नाही. दरवर्षी एक बाहुली नवी हवी. मुलांनी ते पत्र भिजवून, कुटून, खळीत मळून यंदाची नवी बाहुली केली आहे : खुर्चीवर बसलेले मुख्याधिकारी, चष्म्यासह. ती बेचाळिसावी. सर्वांत खालच्या पायरीवर बसेल, म्हणजे लहान मुलांना नीट दिसेल. हातांत काय द्यायचे यावर मुलांचे एकमत झालेले नाही. काहींचे म्हणणे शिक्का, शांभवीचे म्हणणे हत्ती. खळ अजून ओली आहे. सोमवारपर्यंत हात मोकळे ठेवले आहेत.