नऊ नंबरच्या टेबलाजवळचा लाल पट्टा

६ नोव्हेंबर, सोमवार

आज कामावर परत गेलो. आर्डिथ, माझी बायको, जाऊन सव्वीस दिवस झाले. टेबल नऊ, खोकी, चिकटपट्टी — सगळं जिथल्या तिथे. कासवंही तशीच. माल वाहणाऱ्या रोबोंना गोदामात सगळे कासवंच म्हणतात. बुटकी, चपटी, पाठीवर अख्खं फडताळ घेऊन फिरतात. नवं कासव ज्याची वाट पहिल्यांदा अडवेल त्याने त्याचं नाव ठेवायचं, ही इथली रीत. अकरा नंबरच्या कासवावर आर्डिथच्या हातची पट्टी अजून आहे — ‘मिल्ड्रेड’. तिच्या हट्टी आत्याचं नाव.

शेजारच्या टेबलावरच्या ओलेटाने ट्यूना-नूडल्सचा डबा हातात कोंबला. “खा मुकाट्याने, लॉवेल. नाहीतर सगळ्यांसमोर भरवीन!”

बाकी कोणी फारसं बोललं नाही. बरं झालं.

७ नोव्हेंबर

नूडल्स संपवले. चव कळली नाही.

९ नोव्हेंबर, गुरुवार

आर्डिथच्या जागी टोबिन नावाचा इंजिनियर आला आहे. तिशीचा असेल. सभ्य आहे. आर्डिथने सतरा वर्षं माल उचलणारी फोर्कलिफ्ट चालवली. कासवं आली तेव्हा निम्मे चालक घरी गेले. ती मात्र पडद्यावरचे नकाशे शिकली. कासवांनी कुठून जायचं, कुठे फिरकायचं नाही, हे तीच आखायची.

टोबिन टॅबलेट घेऊन माझ्या टेबलाशी आला. “मिस्टर हॅचर, इथे जमिनीखाली काही आहे का? खचली आहे, ओल आहे, असं काही?”

माझ्या टेबलाच्या डाव्या अंगाला नकाशात लाल पट्टा आहे. तिथे कासवांना बंदी. जमीन मोकळी, सपाट. तरी प्रत्येक कासव लांबून वळसा घालून जातं. अकरा सेकंद जादा. थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर खरेदीची गर्दी उसळते, तेव्हा ते परवडणार नाही, टोबिन म्हणतो.

पट्ट्याखाली एकच ओळ लिहिली आहे: ‘काढू नका. कारण हवं असेल तर मला विचारा. — आर्डिथ.’

त्याने ती मोठ्याने वाचली आणि मग त्याला कळलं मी कोण ते. कानापर्यंत लाल झाला बिचारा!

१२ नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये नेहमीच्या बाकावर बसलो. उजवीकडची जागा रिकामी. कोणीतरी तिथे कोट ठेवला.

आर्डिथ नेहमी माझ्या उजवीकडे. ट्रकमध्ये, जेवायला, सगळीकडे. आठ वर्षांपूर्वी जूनमध्ये तिने बिछान्यातलीही बाजू बदलून मागितली. खिडकीतून गार वारा लागतो म्हणाली. माझ्या पथ्यावरच पडलं. डावा कान बारा वर्षांपूर्वीच गेला — पत्र्याच्या कारखान्यात, दाबयंत्रापाशी. कोणाला सांगितलं नाही. तिलाही नाही. दर वर्षी गोदामात कान तपासतात. काचेच्या खोलीत बसून आवाज आला की बटण दाबायचं. मी नर्सच्या खांद्याकडे बघतो. तिने कळ दाबली की खांदा हलतो. एकदाही पकडला गेलो नाही! कळलं असतं तर टेबलावरून उठवलं असतं.

एक गोष्ट मनातून जात नाही. १९ सप्टेंबर. तिचा शेवटचा बरा दिवस. मी म्हटलं होतं, तळ्यावर जाऊ. ती म्हणाली, “आधी गोदामात सोड मला. थोडं काम राहिलंय.” रजेवर होती! नीट उभं राहवत नव्हतं! दोन तास आत बसली. बाहेर आली ती पांढरीफटक. तळं राहिलंच. घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. शेवटचा चांगला दिवस तिने कासवांना दिला. मला नाही.

१४ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत पट्ट्याच्या जागी जमीन ठोकून पाहिली. पाणसळ लावली. दुरुस्तीवाल्यालाही विचारलं. तो म्हणाला, “अख्ख्या गोदामात याच्यापेक्षा चांगली जमीन नाही.”

ओलेटा: “काय शोधतोयस? खजिना? निम्मा माझा हं!”

मला तो पट्टा राहायला हवा आहे. तिने ‘काढू नका’ म्हटलंय. पण कारण माहीत नाही.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

टोबिन पुन्हा आला. “कारण मिळालं का? एक ओळसुद्धा पुरेल, मिस्टर हॅचर. मलाही काढायला बरं वाटत नाही.”

मी नकारार्थी मान हलवली.

२० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी टोबिनने पट्टा काढला.

दहाच्या सुमाराला मी खोकं घ्यायला डावीकडे मागे सरकलो आणि धपकन बसलो. कासवावर! मिल्ड्रेडवर, फडताळ आणायला रिकामीच निघालेली. तिच्या मागे आणखी पाच कासवं, सगळ्यांचे दिवे लुकलुकत होते. मी वाटेत, म्हणून ती थांबलेली.

ओलेटा पोट धरून हसत होती. “अरे, बसण्याआधी बाईला विचारावं तरी! मिनिटभर भोंगा वाजवतेय ती, तुझ्या कानाशी! बहिरा आहेस का?”

मग हसायची थांबली. माझ्याकडे बघत राहिली.

“लक्ष नव्हतं,” मी म्हटलं.

घरी आलो. जेवलो नाही. बिछान्याच्या कडेला बसलो, माझ्या बाजूला, खिडकीशी.

जूनच्या उकाड्यात कसला गार वारा?

२१ नोव्हेंबर

टोबिनच्या खोलीत गेलो. “पट्टा परत आखा.”

“कारण काय लिहू?”

“डावा कान. माझा. बारा वर्षं त्याने ऐकू येत नाही.” पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं. आवाज आपला वाटला नाही.

त्याने टॅबलेट बाजूला ठेवला. “मला हे वर कळवावं लागेल. टेबलावरून हलवतील कदाचित.”

“कळवा.”

“तोवर पट्टा राहील,” म्हणाला.

२२ नोव्हेंबर, बुधवार

टोबिनने जुनी नोंदच परत चालू केली. तिच्या शब्दांसकट. कोपऱ्यात पट्टा आखल्याची तारीख होती. १९ सप्टेंबर, सकाळी दहा चाळीस.

दहा चाळीसला मी बाहेर ट्रकमध्ये बसून हॉर्न वाजवत होतो.