वाटीखालचा चिंचोका

मी, वसंत एकनाथराव देगलूरकर, वय वर्षे सत्याहत्तर, भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार चिक्कडपल्ली, हैदराबाद, असे लिहून ठेवतो की माझी स्मृती शाबूत आहे, अक्षर माझेच आहे, आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाखाली करीत नाही. हे शेवटचे वाक्य मी मोठ्याने वाचले तेव्हा माझी पत्नी सुशीला हसली. बरोबर आहे. या घरात दडपण आणण्याचे काम पन्नास वर्षे मी एकट्यानेच केले.

याआधीचे माझे सर्व मसुदे रद्द समजावेत.

कलम १. वडिलांची वेताची छडी. एकनाथराव आधी निजामाच्या आणि मग सरकारच्या महसूल कचेरीत कारकून होते. साहेबावरचा राग ते घरी येऊन माझ्या पाठीवर काढत. पुढे तीच छडी मी आमच्या एकुलत्या मुलाच्या, हर्षदच्या, पोटऱ्यांवर चालवली. बीजगणितासाठी एकदा रक्त येईपर्यंत. ती कपाटामागे आहे. हर्षदने ती स्वतःच्या हाताने मोडून जाळावी. आठवण म्हणून ठेवू नये.

कलम २. बँकेतील सर्व ठेवी हर्षदला. अट एकच, हे मृत्युपत्र त्याने स्वतः मोठ्याने वाचावे. गच्चीबावलीत नोकरीला लागल्यापासून त्याला मराठी वाचायचा कंटाळा येतो, सगळे तो फोनकडून वाचून घेतो. माझी लाज फोनच्या तोंडून निघू नये. अडखळलास तरी चालेल, बाळा.

कलम ३. स्टीलच्या दोन वाट्या व एक चिंचोका. सन १९८६ पासून माझे मित्र गिरीश उदगीरकर आणि मी हिमायतनगरच्या एका सभागृहात दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी लोकांसाठी विज्ञानाची व्याख्याने देत होतो. क्वांटम भौतिकीची सूत्रे सगळ्यांना मान्य आहेत आणि त्यांची उत्तरे बरोबर येतात. भांडण आहे ते त्या सूत्रांच्या पाठीमागे नेमके काय चालते यावर. ते आम्ही वाट्यांवर दाखवत असू. दोन पालथ्या वाट्या, एकीखाली चिंचोका. तो इलेक्ट्रॉन समजायचा. माझे मत असे की वाटी उचलेपर्यंत ‘तो कुठे आहे’ या प्रश्नाला उत्तरच नसते. उचलली की ठरते. गिरीशचे मत असे की तो दोन्हींखाली असतो, आणि वाटी उचलताच जगाचे दोन फाटे होतात. एकात तुम्हाला तो डावीकडे सापडतो, दुसऱ्यात दुसऱ्या तुम्हाला उजवीकडे. तिसऱ्या रांगेत तेव्हा शाळेत शिकवणाऱ्या उषाताई बसत. त्या म्हणत, तो आधीपासून एकाच वाटीखाली असतो, एक न दिसणारी लाट त्याला तिथे नेते, कळत नाही ते फक्त आपल्याला. हे मतही मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी मांडलेले आहे, पण मी बाईंना भर सभेत गप्प बसवले होते. वाट्या आणि चिंचोका माझ्या माफीसह उषाताईंना द्यावा. कारण पुढे येईल.

कलम ४. प्रयोगशाळेतला लोखंडी स्टँड, वजन अडीच किलो. माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेला आहे. तो गिरीशचा. त्याचे काय करायचे ते त्याने ठरवावे.

१५ डिसेंबर १९९१ रोजी सभागृहात एकशेचाळीस माणसे होती. गिरीश व्यासपीठावरून म्हणाला, “वसंतराव म्हणतात, पाहिल्याशिवाय काही ठरत नाही. मग वहिनी स्वयंपाकघरात असतात तेव्हा त्या आहेत की नाहीत, हे यांनी कधी उठून पाहिलंय का?” सभागृह हसले. ते मी सोसले असते. पहिल्या रांगेत सुशीला हसली, ते मला सोसले नाही.

व्याख्यान संपल्यावर व्यासपीठाच्या मागच्या जिन्यालगतच्या सामानाच्या खोलीत गिरीश पाठमोरा वाट्या पुसत होता. व्याख्यानासाठी आणलेला स्टँड मी उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. तो वळत होता, म्हणून घाव डाव्या डोळ्यावर बसला. तो खाली पडल्यावर मी आणखी एकदा मारला. दुसऱ्या घावाला राग हे कारण नव्हते. मला पहिल्या घावाचा आवाज आवडला होता. हे मी आजवर स्वतःशीही कबूल केलेले नाही.

मान वर केली तर दारात सुशीला, हातात चहाचा थर्मास. मी तिचे उजवे मनगट धरले आणि हाड मोडेपर्यंत पिरगाळले. म्हणालो, “तू काही पाहिलं नाहीस.” एवढ्यात रखवालदार धावत आला. “क्या हुआ साब, जिने से गिर गए क्या?” उत्तर त्याने तयारच आणले होते. मी म्हणालो, “हौ, गिर गए.” एकाच संध्याकाळी गिरीश आणि सुशीला अशी दोन माणसे व्यासपीठाच्या एकाच जिन्यावरून पडली आणि कोणी पुढचा प्रश्न विचारला नाही, कारण सांगणारा प्राध्यापक होता.

गिरीशचा डोळा गेला. त्या संध्याकाळची आठवणही गेली. मी दवाखान्यात एकवीस दिवस त्याच्या उशाशी बसलो, आणि तो माझे उपकार मानतो. दर रविवारी चहाला येतो. म्हणतो, “जाऊ दे रे वसंता. दुसऱ्या एका दुनियेत मी त्या जिन्यावरून पडलोच नाही. तिथला गिरीश दोन डोळ्यांनी मजेत आहे.” मी बिस्किटांची बशी त्याच्यापुढे सरकवतो.

मी मात्र माझ्या मताच्या आड लपलो. कोणी पाहिले नाही, म्हणजे ठरले नाही. एखाद्या विद्यार्थ्याने असे लिहिले असते तर मी त्याला शून्य दिले असते. मोजमापाला माणूस लागत नाही. लोखंड आणि कवटी एवढ्या मोठ्या वस्तूंचा निकाल तिथली हवा, फरशी आणि बल्बचा उजेड क्षणात लावून टाकतात. आणि इथे तर माणूसही होते. या बाबतीत उषाताईंचे खरे. जे होते ते एकाच वाटीखाली होते आणि ती वाटी तेहेतीस वर्षे मी दाबून धरली.

कलम ५. चिक्कडपल्लीची सदनिका. ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. पहिल्या मसुद्यात ती सुशीलेच्या नावे होती. साक्षीदार कोण घ्यावेत हे ठरत असता आमचे वकील अनिल कंधारकर म्हणाले की ज्याला मिळकत मिळायची त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नये, उद्या कोर्टात शंका काढतात. सुशीला दोन दिवस कलम चार घेऊन बसली. मग म्हणाली, “घर नको मला. साक्षीदाराची सही मी करणार.”

मी तिला समजावले की साक्षीदाराने फक्त मला सही करताना पाहायचे असते, मजकुराशी त्याचा संबंध नसतो. ती म्हणाली, “पाहणं म्हणजे काय, ते तुम्ही मला शिकवू नका.” तिचे मनगट आजही पुरते वळत नाही. कुकरचे झाकण तिला लावता येत नाही, ते मी लावतो, आणि इतकी वर्षे त्यालाच मी प्रेम म्हणत आलो.

म्हणून माझ्या पश्चात ही सदनिका गिरीशची. हर्षदने हरकत घेऊ नये. सुशीला नामपल्लीला तिच्या बहिणीकडे, मंगलाकडे, राहणार आहे. ते माझ्या मृत्यूनंतर ना, असे मी विचारले. ती बॅग भरत होती.

कलम ६. हे मृत्युपत्र पाकिटात बंद करून वकिलांकडे ठेवावे व माझ्या मृत्यूनंतरच उघडावे. तोवर गिरीशला यातले एक अक्षरही कळू नये. हा भित्रेपणा आहे, मला माहीत आहे. हे कळल्यावर तो उरलेल्या एका डोळ्याने माझ्याकडे पाहील, तेव्हा मी तिथे नसावे. माझी दुसरी काही इच्छा नाही.

ठिकाण: चिक्कडपल्ली, हैदराबाद
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५, रविवार
सही: वसंत ए. देगलूरकर

साक्षीदार पहिली: डॉ. रुपाली बीडकर, तळमजला. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरी: सुशीला वसंत देगलूरकर. यांनी माझ्यासमोर सही केली. त्या दिवशीही मी समोरच होते. स्टँड दोनदा उचलला, हे खरे आहे. कलम चार मी आज सकाळी गिरीशभावजींना फोनवर वाचून दाखवले. आत्ता ते जिना चढत आहेत.